लपविलेली गोळी आणि विसरलेली गोळी

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अडाण नदीच्या परिसरात, बोरी अरब हे गाव लागते. भोवताली कापूस, तूर आणि सोयाबीन यांची शेती. पाऊस वेळेवर आला तर घरात चार पैसे, न आला तर पुन्हा कर्जाची चिंता. अशा गावातील एक घर क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. हे घर कोणा एका व्यक्तीचे नाही. विदर्भातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात ते सापडू शकेल. घरातील बाई पन्नाशीच्या आसपासची. नवरा एड्सने गेला त्याला पुष्कळ वर्षे झाली. तिच्याही शरीरात एचआयव्हीचा विषाणू आहे. पण गेली पंधरा वर्षे ती सरकारी दवाखान्यातले औषध घेत आहे, वेचणीला आणि निंदणाला जात आहे, मुलीचे लग्नही तिने करून दिले आहे.

त्या घरात गोळ्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली प्लास्टिकच्या डबीत असते. डबीवरचा कागद नखाने खरवडून काढलेला आणि डबी ज्वारीच्या कोठीमागे लपविलेली. रात्री सगळी निजानीज झाली की ही गोळी न चुकता घेतली जाते. दुसरी गोळी रक्तदाबाची. ती देवाच्या कोनाड्याशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी उघड्यावर असते. तिच्यात लपविण्याजोगे काही नाही. तसलीच गोळी शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्यालाही चालू आहे. पण त्या पाकिटातल्या दहांपैकी सहा गोळ्या संपून महिना उलटला आणि उरलेल्या चार तशाच पडून आहेत. जिची लाज वाटते ती गोळी चुकत नाही, आणि जिची लाज वाटण्याचे कारणच नाही ती मात्र विसरली जाते.

ही विसंगती वरवर पाहता एका बाईच्या स्वभावाची वाटेल. वस्तुतः तिच्या मुळाशी सार्वजनिक आरोग्याचा एक मोठा धडा आहे. औषध नियमाने घेणे हा रुग्णाच्या सद्गुणाचा भाग कमी आणि त्याच्याभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेचा भाग अधिक असतो, असा तो धडा होय. एचआयव्हीच्या बाबतीत देशाने तो मोठी किंमत मोजून शिकला. हृदयविकाराच्या बाबतीत तो अद्याप गिरवायचा राहिला आहे. आणि आता तर हे दोन्ही आजार एकाच माणसाच्या दाराशी येऊन उभे राहिले आहेत.

मरणाच्या दारातून परत

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम उघडकीस आला तो १९८६ साली मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकारी सेल्लप्पन निर्मला यांनी केलेल्या तपासणीतून. पुढची दहा वर्षे या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूचे आवतण समजले जाई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू दबून राहतो हे सिद्ध झाले. परंतु त्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेतल्या किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतमजुराला ते औषध असून नसल्यासारखेच होते. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलर या दराने सीमारहित वैद्यकांच्या संघटनेला देऊ केली, आणि जगभरची किंमत कोसळली. त्यानंतर तीन वर्षांनी, १ एप्रिल २००४ रोजी, केंद्र सरकारने देशातील आठ रुग्णालयांत हे औषध मोफत देण्यास प्रारंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते.

आज हे औषध जिल्ह्याजिल्ह्यांत मिळते. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही ते देणारे एआरटी केंद्र आहे. २०१७ पासून संसर्ग सिद्ध झाला की प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता औषध सुरू करावे, असे धोरण आहे. पूर्वी दिवसातून दोनदा घ्याव्या लागणाऱ्या, हातापायांची आग करणाऱ्या, गालांची चरबी झडून चेहरा ओढून टाकणाऱ्या गोळ्या मागे पडल्या आणि दिवसाला एकच गोळी पुरेशी झाली. औषध नियमाने घेतल्यास जोडीदाराला होणारी लागणही टळते, हे २०११ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिले. त्यात १,७६३ जोडपी होती आणि पुण्याच्या भोसरी येथील त्या वेळच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता.

सरकारी अंदाजानुसार २०२१ साली देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतील सर्वाधिक, जवळपास चार लाख, महाराष्ट्रात होते. यांपैकी ज्यांनी २००४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ऐन तिशीत औषध सुरू केले, ते आज पन्नाशी गाठून बसले आहेत. ज्यांच्या चाळिशीची कोणाला खात्री नव्हती, त्यांना म्हातारपण आले आहे. ही आरोग्यव्यवस्थेच्या यशाची पावती होय. परंतु म्हातारपण एकटे येत नाही. ते रक्तदाब, मधुमेह आणि हृद्रोग यांना बरोबर घेऊन येते.

हृदयावरचा दुहेरी भार

हृद्रोग सगळ्यांनाच होतो. मग एचआयव्ही असलेल्यांचा वेगळा विचार कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की त्यांच्या हृदयावर भार दुहेरी असतो. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. इतरांच्या तुलनेत एचआयव्ही असलेल्या व्यक्तींना हृदय व रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा धोका सुमारे दुप्पट आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

याचे कारण विषाणूच्या वर्तनात आहे. औषधाने तो रक्तातून दिसेनासा होतो, पण शरीरातून हद्दपार होत नाही. काही पेशींच्या आत तो दडून राहतो आणि शरीराची संरक्षक यंत्रणा सदैव जागती, काहीशी चिडलेली राहते. अंगात सौम्य दाह धुमसत राहावा तसा हा प्रकार असतो. या दाहाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. तेथे चरबीचे थर लवकर साचतात आणि ते फुटून रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. एचआयव्हीवरच्या काही औषधांनी, विशेषतः पूर्वीच्या, रक्तातील चरबी वाढते. नव्या औषधांवर काहींचे वजन वाढते. त्यात भर व्यसनांची. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पोरासोरांच्या आणि बायाबापड्यांच्याही तोंडात असतो. खर्ऱ्याचा संबंध लोक तोंडाच्या कर्करोगाशी लावतात, आणि तो योग्यच आहे. पण तंबाखू धुरातून गेला काय किंवा गालातून गेला काय, हृदयाचे तो हितच करीत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. औषधांनीच हृदयाला अपाय होत असेल तर ती अधूनमधून थांबवावीत, असे काही रुग्णांना वाटते. एके काळी वैद्यकशास्त्रालाही ही शंका आली होती. ती तपासण्यासाठी ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना औषध अखंड दिले गेले. उरलेल्या निम्म्यांचे औषध, संरक्षक पेशींची संख्या चांगली असेतोवर थांबविले जाई आणि ती घसरली की पुन्हा सुरू केले जाई. औषधाला विश्रांती दिली तर दुष्परिणाम कमी होतील, हृदयालाही आराम पडेल, अशी अपेक्षा होती. घडले ते उलटे. २००६ साली हा प्रयोग मुदतीपूर्वीच आवरता घ्यावा लागला. कारण औषध थांबविणाऱ्यांत गंभीर आजार व मृत्यू अडीचपटीहून अधिक आढळले. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे मोठे विकारही त्यांच्यातच जास्त निघाले. विषाणू पुन्हा डोके वर काढतो तेव्हा दाह भडकतो, आणि त्याची झळ रक्तवाहिन्यांना लागते. तात्पर्य, एचआयव्हीची गोळी चुकविणे म्हणजे हृदयाला सुट्टी देणे नव्हे. ते हृदयालाच भोवते.

आणखी एका गोळीचा पुरावा

दुसरा महत्त्वाचा पुरावा २०२३ सालचा आहे. भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वर्षे वयाच्या, एचआयव्ही असलेल्या ७,७६९ व्यक्ती त्यासाठी निवडल्या होत्या. त्यांचा हृद्रोगाचा धोका प्रचलित मोजमापाप्रमाणे कमी किंवा मध्यम होता. म्हणजे एरवी डॉक्टरांनी ज्यांना ‘अजून औषधाची गरज नाही’ असे सांगितले असते अशीच ही माणसे. निम्म्यांना रक्तातील चरबी कमी करणारी, स्टॅटिन वर्गातील पिटाव्हास्टॅटिनची गोळी रोज दिली गेली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. सुमारे पाच वर्षांनंतर पहिल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि तत्सम गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. या गोळीने मधुमेहाचे प्रमाण किंचित वाढले, हेही त्याच अभ्यासात नोंदले गेले. पण लाभ त्याहून स्पष्ट होता. यावरून प्रत्येकाने परस्पर स्टॅटिनची गोळी सुरू करावी असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. तो निर्णय डॉक्टरांचा. परंतु चाळिशीनंतर या रुग्णांच्या हृदयाचा विचार झालाच पाहिजे, एवढे तरी त्याने निर्विवाद केले.

तेव्हा ज्ञानाची उणीव नाही. औषधेही आहेत. रक्तदाबाच्या आणि चरबीच्या बहुतेक नित्याच्या गोळ्या जुन्या, एकस्वाच्या बंधनातून मुक्त झालेल्या आणि भारतात मुबलक बनणाऱ्या आहेत. प्रश्न उरतो तो एकच. प्रयोगात घेतली जाणारी गोळी घरात रोज घेतली जाईल काय?

दोष कोणाचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन औषधोपचारांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचा सुशिक्षित रुग्णही गोळी विसरतोच. या विस्मरणाला अज्ञान, अडाणीपणा किंवा निष्काळजीपणा अशी नावे देऊन मोकळे होण्याची सवय दवाखान्यांना आणि नातलगांना सारखीच असते. ‘तुम्हीच औषध घेत नाही, मग आम्ही काय करणार?’ हे वाक्य कोणत्याही दवाखान्याच्या ओसरीवर ऐकू येते.

या वृत्तीला पहिला मोठा छेद आपल्याच देशात मिळाला होता. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारासाठी एक संशोधन केंद्र उभे राहिले. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवून, पौष्टिक आहार व संपूर्ण विश्रांती दिल्यावाचून तो बरा होत नाही, असा त्या काळचा ठाम समज. या केंद्राने शहरातल्या गरीब वस्त्यांतील रुग्ण घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना घरीच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष जाहीर झाले. दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या अन्नावर राहणारे रुग्ण आरोग्यधामातल्यांच्या बरोबरीने बरे झाले होते. मात्र त्यामागे मोठी यंत्रणा राबत होती. घरी भेटी दिल्या जात, उरलेल्या गोळ्या मोजल्या जात, औषध पोटात जाते की नाही हे लघवीच्या तपासणीवरून पाहिले जाई. औषध गुणकारी असून भागत नाही, ते घेतले जाईल अशी व्यवस्थाही औषधाइतकीच महत्त्वाची, हे सूत्र जगाच्या क्षयरोग-उपचारात पुढे रूढ झाले.

एचआयव्हीच्या कार्यक्रमाने हेच सूत्र उचलले. केंद्रात नाव नोंदले की रुग्णाचा समुपदेशकाशी परिचय होतो. गोळी का घ्यायची, कोणत्या वेळी घ्यायची, विसरल्यास काय करायचे, घरी कोणाला सांगायचे, याचे बोलणे औषधाआधी होते. पुढच्या भेटीला डबी परत आणायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. तीस गोळ्यांच्या महिन्यात एखाद-दुसरी चुकली तर विचारणा होते. ठरल्या तारखेला रुग्ण आला नाही तर दूरध्वनी जातो, कधी माणूस जातो. रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजण्याची तपासणी ठराविक काळाने होते आणि गोळीचे फळ रुग्णाला आकड्यात दिसते. शिवाय हे सारे विनामूल्य असते. वर वर्णिलेली बाई तिची डबी कोठीमागे लपविते, तरी गोळी चुकवीत नाही, याचे रहस्य या व्यवस्थेत आहे. तिच्यामागे कोणीतरी मोजणारे आहे, विचारणारे आहे, तिच्या न येण्याची दखल घेणारे आहे.

रक्तदाबाच्या गोळीमागे असे कोण असते? एखाद्या शिबिरात किंवा तापासाठी दवाखान्यात गेले असता दाब वाढलेला निघतो. चिठ्ठी मिळते. गावात किंवा तालुक्याला मेडिकलच्या दुकानातून दहा गोळ्यांचे पाकीट येते. ते संपले की डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. मग औषध कशाला, असे वाटते. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, साचत जाणारी चरबी जाणवत नाही, ही या विकारांची खरी गोम. त्यातच वेचणीचा हंगाम आला, मुलाच्या शाळेचा खर्च निघाला, की पहिली काट पडते ती या मुक्या आजाराच्या औषधावर. ते थांबले तर कोणी विचारीत नाही. पुढच्या महिन्यात पाकीट का नेले नाही, हे दुकानदाराने विचारावे अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही.

दोन चिठ्ठ्या, दोन डॉक्टर

या दोन गोळ्यांचे दोन वेगळे मार्ग असल्याने आणखी एक धोका संभवतो. गावातल्या डॉक्टरांपाशी रुग्ण एचआयव्हीचा उल्लेख करीत नाही. भीती असते ती बोलबाल्याची. एआरटी केंद्रात तो रक्तदाबाच्या गोळीविषयी बोलत नाही. कोणी विचारलेले नसते. परिणामी त्याच्या शरीरात कोणती औषधे एकत्र येत आहेत, हे एकाही डॉक्टरला पुरते ठाऊक नसते. ही बाब गौण नाही. एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीतील उपचारांत रिटोनाव्हिर नावाचे औषध असते. त्याच्या जोडीला चरबीवरचे सिम्व्हास्टॅटिन दिल्यास शरीरातील सिम्व्हास्टॅटिन धोकादायक प्रमाणात वाढते आणि स्नायूंची गंभीर हानी होऊ शकते. सध्याच्या नेहमीच्या गोळीतील डोल्युटेग्राव्हिर या घटकामुळे मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचा अंमल वाढतो, म्हणून त्याच्या मात्रेकडे लक्ष द्यावे लागते. पित्तशामक औषधे, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घेतल्या तर डोल्युटेग्राव्हिर शरीरात नीट शोषले जात नाही. रुग्ण प्रामाणिकपणे रोज गोळी घेतो, आणि ॲसिडिटीच्या साध्या औषधाने तिचा प्रभाव कमी होतो. येथे चुकते ते रुग्णाचे नियमपालन नव्हे. दोन दवाखान्यांमधला संवाद.

म्हणून उपाय दिसतो तो असा की हृदयाची गोळीही त्याच खिडकीतून मिळावी. एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीला रक्तदाब मोजला जावा, चाळिशी उलटलेल्यांची साखर व चरबी ठराविक काळाने पाहिली जावी, आवश्यक तेव्हा गोळी तेथेच दिली जावी, तिचीही मोजणी व्हावी आणि दोन्हींची नोंद एकाच कागदावर राहावी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीचा समावेश झालेला आहे. तत्त्व मान्य आहे. ते औषधाच्या खिडकीपर्यंत सर्वत्र आणि सातत्याने पोचणे महत्त्वाचे.

आक्षेप आणि अनुभव

या सूचनेवर घेतला जाणारा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. एआरटी केंद्रांवर आधीच ताण आहे; समुपदेशक व औषधनिर्माते मोजके आहेत; त्यांच्यावर नवा भार टाकला तर मूळ कामच विस्कळीत होईल, असे म्हटले जाते. ही व्यवस्था अभेद्य नाही, हे २०२२ साली दिसलेही. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयात रुग्णांनी अनेक दिवस धरणे धरले. महिन्याची औषधे मिळण्याऐवजी थोड्या दिवसांपुरतीच गोळ्या मिळत असल्याची त्यांची तक्रार होती. शंभर रुपये गाडीभाड्याला मोजून आलेल्या मजुराला आठवड्याच्या गोळ्या देऊन परत पाठविणे म्हणजे त्याला औषध सोडण्यास उत्तेजन देणे होय. रुग्णाकडून नियमितपणाची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने आधी स्वतः नियमित असले पाहिजे.

तथापि भार वाढेल म्हणून जोड देऊच नये, हा निष्कर्ष अनुभवाला धरून नाही. टांझानिया आणि युगांडा या देशांत ३२ आरोग्य केंद्रांमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर एक प्रयोग झाला. काही केंद्रांत एचआयव्ही, मधुमेह आणि रक्तदाब यांचे रुग्ण एकाच रांगेत, त्याच कर्मचाऱ्यांकडून तपासले गेले. काहींत नेहमीप्रमाणे वेगवेगळे. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार एकत्र उपचारांनी एचआयव्हीवरील नियंत्रण ढळले नाही, आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्णही मोठ्या संख्येने उपचारात टिकून राहिले. एक आनुषंगिक लाभही उघड आहे. रांग सगळ्यांची एकच असली की कोण कशासाठी उभा आहे हे बाहेरच्याला कळत नाही. रोगाची लाज निवारण्याचे काम कधीकधी भाषणांपेक्षा अशी एखादी सामाईक रांग अधिक करते.

रक्तदाबाच्या गोळीमागेही व्यवस्था उभी करता येते, याचा दाखला तर भारतातच आहे. २०१७ च्या अखेरीस आखलेला उच्चरक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम प्रथम महाराष्ट्रासह पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्याची सूत्रे साधी होती. ठरलेली मोजकी औषधे, त्यांचा अखंड साठा, महिन्याची गोळी जवळच्या केंद्रात, आणि न येणाऱ्या रुग्णाचा शोध. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पुरस्कार मिळाला. एड्सच्या कार्यक्रमाने आणि या उपक्रमाने स्वतंत्रपणे शोधलेली उत्तरे जवळपास सारखीच आहेत. ती एकत्र आणण्यास नवे शास्त्र लागत नाही.

गावाच्या वाट्याचे काम

बोरी अरबसारख्या गावाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? महिन्याकाठी यवतमाळची एक खेप म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. २०२० च्या टाळेबंदीत अनेक रुग्णांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला तशा त्या देता येतात हे तेव्हा सिद्ध झाले. हीच सवलत हृदयाच्या गोळ्यांनाही लागू झाली तर एका खेपेत दोन्ही कामे होतील. मधल्या काळात रक्तदाब मोजण्याचे काम आशा कार्यकर्ती गावातच करू शकते. त्यासाठी तिला रुग्णाचा दुसरा आजार माहीत असण्याचीही गरज नाही. रक्तदाब सगळ्यांचाच मोजायचा असतो.

गोपनीयतेचा प्रश्न येथे कळीचा आहे. २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे. नोकरी, शिक्षण आणि उपचार यांत भेदभाव करण्यासही प्रतिबंध आहे. कायदा झाला, तरी डबीवरचा कागद खरवडला जातोच, याचा अर्थ समाजाची नजर बदललेली नाही. घरातली गोळी लपवावी लागली की ती प्रवासात, लग्नकार्यात, पाहुण्यांच्या गर्दीत चुकण्याचा संभव वाढतो. मजुरीसाठी परमुलखात गेलेल्या कुटुंबाला झोपडीतल्या दहा जणांदेखत डबी काढणे जड जाते. औषधाचा नियम मोडतो तो पुष्कळदा अशा ठिकाणी.

यात शिक्षकांचा, कारकुनांचा आणि विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. वसतिगृहातला एखादा मुलगा रोज ठराविक वेळी गोळी घेत असेल तर तिचे नाव न विचारता त्याला पाणी आणि एकांत मिळवून देणे हे शिक्षकाच्या हातचे आहे. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक दिवसाची रजा मागणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अर्जावर ‘कारण स्पष्ट करावे’ असा शेरा मारण्यापूर्वी कार्यालयाने क्षणभर थांबावे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन टेबलापाशी आलेल्या बाईचा आजार चारचौघांत मोठ्याने वाचला जाऊ नये, ही दक्षता कोणत्याही परिपत्रकाविना घेता येते. आणि घराघरांत आई-वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजणे, पाकीट संपण्याआधी नवे आणून ठेवणे, हे काम महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी सहज करू शकेल. ही मोजणी वरकरणी क्षुल्लक आहे. सरकारी एआरटी केंद्रात ती कोणीतरी वर्षानुवर्षे केली, म्हणून हजारो माणसे आज हयात आहेत.

ज्या रोगाने एके काळी गावकुसाबाहेर टाकलेली माणसे निर्माण केली, त्याच रोगाच्या उपचाराने देशाच्या आरोग्यव्यवस्थेला एक शहाणपण दिले. औषध देऊन कर्तव्य संपत नाही. ते घेतले जाते की नाही हे आस्थेने विचारत राहावे लागते. हे शहाणपण एका रोगापुरते राखून ठेवण्यात अर्थ नाही. एड्सच्या तोंडातून सोडवून आणलेल्या त्या बाईला रक्तदाबाच्या चार विसरलेल्या गोळ्यांपायी पक्षाघाताने अंथरूण धरावे लागले, तर वीस वर्षांच्या श्रमांवर पाणी पडेल. कोठीमागची डबी आणि कोनाड्याजवळचे पाकीट, दोन्ही एकाच जिवासाठी आहेत. दोन्हींची मोजणी व्हावी. आणि कधी काळी कोठीमागच्या डबीलाही कोनाड्याशेजारी उघड्यावर जागा मिळावी.